कुजुकुरीच्या पुळणीवर, ऑगस्ट सरताना

रत्नागिरीकडे वाढलेल्या माणसाला समुद्र कुठल्या बाजूला, हे विचारावं लागत नाही. तो पश्चिमेला. सकाळचं ऊन आपल्या पाठीवर असतं आणि समोर पाणी स्वच्छ दिसतं; संध्याकाळी सूर्य त्याच पाण्यात उतरतो आणि पुळणीवर आलेली सगळी माणसं त्या एकाच दिशेला तोंड करून उभी राहतात. जपानच्या चिबा प्रांतात कुजुकुरीच्या किनाऱ्यावर मी कॅमेरा घेऊन जायला लागले आणि हा सगळा हिशेबच फिरला. इथे समोर प्रशांत महासागर, आणि तो पूर्वेला. ऑगस्टच्या शेवटी पहाटे पाचच्या सुमाराला सूर्य पाण्यातून वर येतो, थेट लेन्समध्ये घुसतो आणि समोरचा माणूस, कुत्रा, होडी, लाट, सगळ्यांच्या काळ्या आकृत्या करून टाकतो. संध्याकाळी तो मागे, जमिनीकडे, काळ्या पाइनच्या रांगेआड मावळतो. तेव्हा माझीच सावली लांब होत होत पाण्याकडे सरकते आणि प्रत्येक फोटोत येते.

फोटो काढायला मी नुकतीच शिकते आहे. टोकियोच्या निशिकासाई भागात राहते. तिथे भारतीय कुटुंबं बरीच आहेत, त्यामुळे शेपू-मेथीपासून कोकमापर्यंत सगळं मिळतं, समुद्र मात्र मिळत नाही. जवळ आहे तो टोकियोचा उपसागर, भिंती घालून बांधलेला. म्हणून एक वापरलेला कॅमेरा घेतला. इथली जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं फार शिस्तीची असतात. प्रत्येक नगाला प्रत लावलेली असते, आणि ओरखडा कुठे, लेन्सच्या आत धूळ किती, हे सगळं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. तो कॅमेरा पाठीवर टाकून केइयो लाइनने निघायचं, सोगाला सोतोबो लाइनची गाडी पकडायची आणि काझुसा-इचिनोमिया स्टेशनवर उतरायचं. तिथून भाड्याची सायकल. चिबाचं भात लवकर तयार होतं. ऑगस्टच्या शेवटी दोन्ही बाजूंची खाचरं पिवळी पडलेली असतात, काही कापूनही झालेली असतात. मग पाइनचं बन लागतं, गाज ऐकू येते, आणि बन संपलं की वाळू.

पहिला गोंधळ तिथेच झाला. कोकणातली पुळण बहुतेक दोन डोंगरांच्या सोंडांमध्ये बसलेली असते. एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसतं, मधे एखादं देऊळ, सुरूचं बन, ओढलेल्या होड्या. फोटोला टेकू मिळतो. कुजुकुरी सुमारे ६० किलोमीटर लांब आहे. उत्तरेला इइओका गावाजवळच्या ग्योबू भूशिरापासून दक्षिणेला ताइतोच्या कड्यापर्यंत एकच एक वाळूची कमान. मधे उभं राहिलं तर डावीकडे वाळू धुरकट होत नाहीशी होते आणि उजवीकडेही तेच. खडपे नाहीत, बेट नाही. पायाखाली बारीक करडी वाळू, समोर लाट, वर आकाश. कॅमेरा कशावर धरायचा, हेच कळेना.

त्यात महिना असा की माणसंही नव्हती. जपानमधला समुद्रावरचा उन्हाळा कॅलेंडरवर चालतो. जुलैत किनारे अधिकृतपणे 'उघडतात', जीवरक्षक बसतात, दोऱ्या लागतात. ऑगस्ट संपता संपता ते बंद होतात. त्याआधीच १३ ते १६ ऑगस्टच्या सुमाराला ओबोन येतो. पितर घरी येऊन परत जातात ते दिवस. ओबोननंतर पाण्यात उतरू नये, पितर ओढून नेतात, असं जुनी माणसं पोरांना सांगतात. कारणं व्यवहारातलीही आहेत. याच सुमाराला जेलीफिश किनाऱ्याशी येतात, आणि हजार-दीड हजार किलोमीटरवर दक्षिणेला टायफून असला तरी त्याच्या लांब लाटा इथे येऊन आदळतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि लाट मात्र पुरुषभर. ऊन तेच असतं, पारा ३३-३४ अंशांवर असतो, पण किनारा एका आठवड्यात रिकामा होतो.

मला याचं नवल वाटत राहिलं, कारण त्याच दिवसांत आपल्याकडे समुद्र उघडतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मग श्रावणात नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांतून सोन्याचा मुलामा दिलेला नारळ दर्याला अर्पण होतो आणि होड्या पाण्यात जातात. घरून गजबजलेल्या बंदराचे फोटो फोनवर येत असतात आणि मी इथे जिथे सगळं आवरून ठेवत आहेत अशा किनाऱ्यावर उभी असते.

हे आवरणं मात्र जवळून बघण्यासारखं असतं. इथे उन्हाळ्यापुरत्या वाळूवर झोपड्या उभारतात. अंघोळीची सोय, चटया, नूडल्स, किसलेल्या बर्फाचा गोळा असं सगळं तिथे मिळतं. त्यातली एक उतरवत असताना मी सकाळभर तिथे थांबले. आधी बोरूचे पडदे खाली घेतले. दोघांनी दोन टोकं धरली, झटकले, वाळू उडाली, मग गुडघ्याने दाबत दाबत गुंडाळी केली आणि तीन ठिकाणी दोरी बांधली. मग फळ्या. प्रत्येक फळीच्या मागे खडूने आकडा होता आणि त्या आकड्यांच्या क्रमानेच त्या टेम्पोत चढत होत्या. शेवटी लोखंडी पाइपांचा सांगाडा राहिला. तरुण पोरगा एकेका सांध्याचा बोल्ट सैल करत होता आणि खाली उभा म्हातारा तो झेलून एका डब्यात टाकत होता. एकही बोल्ट वाळूत पडला नाही. फोटो काढू का, असं मी विचारलं तेव्हा म्हाताऱ्याने हात हलवून नको म्हटलं, मग डब्याकडे बोट दाखवलं: याचा काढा. अनोळखी माणसाचा चेहरा त्याला न विचारता टिपणं इथे लोकांना खपत नाही, आणि ते मला मनापासून पटतं. डब्यातल्या गंजलेल्या बोल्टांचा तो फोटो मला फार आवडतो.

उरलेला वेळ माझा उजेडाशी झगडा चाले. कॅमेऱ्यातलं मीटर समोरच्या दृश्याची सरासरी काढून ते मध्यम करड्या रंगाचं करायला बघतं, एवढं मी शिकले होते. पण किनाऱ्यावर सरासरी कशाची काढायची? कुजुकुरीची कोरडी वाळू उन्हात फिकट असते आणि ओली वाळू जवळजवळ काळी. चौकटीत ओली वाळू जास्त आली की मीटर उजेड वाढवतं आणि लाटेचा फेस पांढरा फटक होतो. एकदा फटक झाला की त्यातला एकही बुडबुडा परत मिळत नाही. कोरडी वाळू आणि आकाश जास्त आलं की उलट, भर दुपार पावसाळी दिसते. पाऊलभर इकडेतिकडे सरकलं तरी आकडा बदलतो. आता मी मीटरचा ठिपका फेसावर धरते, तिथला आकडा घेते, त्यावर दीड स्टॉप वाढवते आणि तो कायम ठेवून चालते. फेसातली नक्षी टिकते आणि काळ्या वाळूतही कण दिसतात. ओल्या वाळूवर आकाश चमकत असलं तर पोलरायझर फिरवते. पाण्याकडे तिरकं, उभ्या रेषेशी साधारण ५३ अंशांच्या कोनात बघताना चमक सगळ्यात जास्त कापली जाते, आणि पातळ पाण्याखालून सरपटणाऱ्या गोगलगायीची रेघ दिसू लागते.

आणि मग संध्याकाळ. सूर्य समुद्रात बुडत नाही म्हणून सुरुवातीला वाटलं, इथे संध्याकाळी बघण्यासारखं काही नसणार. मावळतीनंतर पाचदहा मिनिटांनी पूर्वेला, पाण्याच्या लगेच वर, एक निळसर-जांभळी पट्टी दिसायला लागली आणि तिच्या वर गुलाबी. ती निळसर पट्टी म्हणजे पृथ्वीचीच सावली, वातावरणावर पडलेली. सूर्य जसजसा खाली जातो तसतशी ती वर चढते आणि शेवटी रात्रीत मिसळून जाते. कोकणातही ती रोज पडते, पण आपण सगळे मावळतीकडे बघत असतो. ती मागे डोंगरावर पडते. कुजुकुरीवर ती समोर, उघड्या पाण्यावर, अडथळ्याविना येते. तो उजेड इतका सारखा पसरलेला असतो की लाट, वाळू, पाइन कशालाच सावली राहत नाही आणि मीटरचाही गोंधळ थांबतो.

या पट्टीच्या नादाने मी क्षितिजाचे फोटो काढत सुटले. हिरोशी सुगिमोतो यांनी १९८० पासून जगभरच्या समुद्रांचे मोठ्या फिल्म कॅमेऱ्याने कृष्णधवल फोटो काढले आहेत. प्रत्येकात क्षितिज बरोबर मध्यावर, वर हवा, खाली पाणी, बाकी काही नाही. आदिमानवाने जे पाहिलं तेच आजच्या माणसाला पाहता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. जमिनीचं रूप माणसाने बदललं, समुद्राचं तेवढं बदललेलं नाही. मला हा विचार फार मोठा वाटला. आणि तरीही माझ्यापुढे एक अडचण उभी राहिली: कुजुकुरीवर असा फोटो पाण्याकडे तोंड केलं तरच निघतो. लेन्स जरा डावी-उजवीकडे वळवली, की माणसाने केलेलं काहीतरी येतंच. आणि ते साधंसुधं नसतं, काँक्रीट असतं.

इचिनोमियाच्या किनाऱ्यावर ठरावीक अंतराने समुद्रात घुसणारे लांब बांध आहेत. टोकाशी आडवे, त्यामुळे वरून इंग्रजी टी अक्षरासारखे. त्यांच्या कडेने टेट्रापॉडचे ढीग. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर बसलेल्या कुणालाही टेट्रापॉड सांगायला नको. चार पायांचा हा ठोकळा १९५० साली फ्रान्समध्ये तयार झाला आणि जपानने तो जितका वापरला तितका क्वचितच कुणी वापरला असेल. नवशिक्यांच्या प्रत्येक पुस्तकात एक सल्ला असतो: नको ते चौकटीबाहेर ठेवा. तो मानला तर दोन बांधांच्या बरोबर मधे उभं राहायचं, मोठी लेन्स लावायची, कोन खाली घ्यायचा. फोटो सुंदर निघतात. निर्जन, निर्मळ, जपानी. पण हे बांध इथे का आहेत, हे कळेपर्यंत मला त्या फोटोंमध्ये चैन पडेना.

उत्तर किनाऱ्याच्या दोन टोकांना मिळालं. कुजुकुरीची वाळू कुठून आली? उत्तरेला चोशीकडे ब्योबुगाउरा नावाचा सुमारे १० किलोमीटर लांब, ४०-५० मीटर उंच कड्यांचा पट्टा आहे. दक्षिणेला ताइतोचे कडे. समुद्र हे मऊ कडे हजारो वर्षं खात आला. पडलेली माती धुऊन निघाली, वाळू प्रवाहाबरोबर दोन्ही बाजूंनी मधे सरकत आली आणि साठत गेली. सुमारे ६,००० वर्षांपूर्वी समुद्र पार आतपर्यंत होता. आजचं कुजुकुरीचं दहाएक किलोमीटर रुंद मैदान, मी सायकलवरून ओलांडते ती भातखाचरंसुद्धा, या वाळूनेच बनलेली आहेत. पण कडा खचतो म्हणजे त्याच्यावरचं शेत आणि घर जातं. म्हणून १९६०च्या दशकापासून कड्यांच्या पायथ्याशी लाटा मोडणारे ठोकळे रचले गेले. कडे वाचले. आणि पुळणीला येणारी वाळू आटली. मधे बंदरांचे धक्के आले, त्यांनीही सरकणारी वाळू अडवली. किनारा मागे हटू लागला तेव्हा असलेली वाळू धरून ठेवायला हे टी आकाराचे बांध आले. काही ठिकाणी बाहेरून वाळू आणूनही टाकतात.

एका ठिकाणचं घर वाचवायला टाकलेल्या दगडाने दुसऱ्या ठिकाणची पुळण नेली. यात कुणी दुष्ट नाही. कड्यावरच्या शेतकऱ्याच्या जागी मी असते तर मीही दगडच मागितला असता. पण हे समजल्यावर दोन बांधांच्या मधला तो निर्मळ फोटो मला नुसता सुंदर वाटेनासा झाला. त्यातली वाळू चौकटीबाहेरच्या काँक्रीटमुळे तिथे टिकून होती.

किनारा मागे हटण्याचं दुसरं कारण तर डोळ्यांना दिसतच नाही. या मैदानाखाली मोठं वायूक्षेत्र आहे. लाखो वर्षांपूर्वीचं खारं पाणी थरांत अडकलेलं, त्यात मिथेन विरघळलेला आणि आयोडीनही भरपूर. ते पाणी उपसून मोबारा परिसरात घरगुती गॅस मिळवतात, आणि आयोडीनच्या उत्पादनात चिलीनंतर जपानचा क्रमांक लागतो तो मुख्यतः चिबाच्या जोरावर. रुग्णालयात सीटी स्कॅनच्या आधी शिरेत जे औषध टोचतात, त्यातलं आयोडीन असल्याच एखाद्या ठिकाणाहून आलेलं असतं. पण खालचं पाणी काढलं की वरची जमीन हळूहळू बसते. जमीन बसली की समुद्र न वाढताही किनारा आत येतो. याचा फोटो कसा काढायचा? मला अजून उमगलेलं नाही. भाताच्या शेताकडेला उभ्या असलेल्या, पाइपांनी वेढलेल्या एका छोट्या विहिरीचा फोटो आहे माझ्याकडे. पण तो बघून कुणाला पुळण आठवणार नाही.

पुळण अरुंद होणं म्हणजे काय, हे वाळूवर वावरणाऱ्यांना विचारावं. लॉगरहेड जातीची समुद्री कासवं उन्हाळ्यात इथे रात्री वर येतात. कुजुकुरी हा त्यांच्या विणीच्या उत्तर सीमेजवळचा किनारा. भरतीच्या रेषेच्या वर कोरडी, रुंद वाळू मिळाली तरच अंडी तगतात आणि दोनेक महिन्यांनी, ऑगस्ट-सप्टेंबरात, पिल्लं निघतात. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं पाण्याकडे जाताना ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या हातभर रुंदीची किंमत वेगळी सांगायला नको. माणसांनाही पुळण लागते. १३ सप्टेंबरला इचिनोमियाच्या तामासाकी देवस्थानाचा मोठा उत्सव असतो. आजूबाजूच्या देवळांच्या पालख्या खांद्यावर घेऊन माणसं लाटांच्या कडेने धावत त्सुरिगासाकीच्या किनाऱ्यावर जमतात. ही परंपरा बाराशे वर्षांची मानतात. त्याच त्सुरिगासाकीवर जुलै २०२१ मध्ये ऑलिम्पिकमधली पहिलीवहिली सर्फिंग स्पर्धा झाली. आता तिथे वाळूवर देवाचं लाकडी तोरणद्वार उभं असतं आणि त्याच्यासमोर ओले पोशाख घातलेली पोरं फळ्या घेऊन लाटांकडे टक लावून बसलेली असतात. ओबोननंतर सगळे परतले तरी ती राहतात. टायफूनच्या ज्या लाटांना बाकीचे घाबरतात त्यांचीच ती वाट बघत असतात.

जरा उत्तरेला, काताकाइच्या बाजूला, एका सकाळी शिंपले वेचणाऱ्या एका आजींशी बोलणं झालं. माझं जपानी कामापुरतं. त्यांनी सावकाश, हातवारे करत सांगितलं. त्यांची आई होड्या ढकलणाऱ्या बायकांतली. इथे पूर्वी बंदरच नव्हतं, नुसती वाळू. होडी पाण्यात लोटायची आणि आली की ओढून वर घ्यायची, हे काम गावातल्या बाया छातीभर लाटांत उभं राहून करत. या बायांना इथे 'ओप्पेशी' म्हणत. सार्डिन, म्हणजे आपली तारली, या किनाऱ्याचं धन. एदो काळात इथे रापणीसारखी मोठी ओढजाळी किनाऱ्यावरून ओढत, मासळी वाळूवर सुकवत, आणि ती सुकी तारली खत म्हणून दूर ओसाकाकडच्या कपाशीच्या शेतांत जाई. "पुळण केवढी होती तेव्हा?" मी विचारलं. आजींनी मागे वळून पाइनकडे बघितलं, मग पाण्याकडे, आणि समुद्रातल्या एका खुणेकडे बोट दाखवलं. "तिथवर मासळी वाळत घालायचो," म्हणाल्या. त्यांनी दाखवलं तिथे लाट फुटत होती.

आजींचा शब्द मला पुरेसा आहे. पण त्या जागेचा त्या काळचा फोटो कुठे असेल, हा विचार डोक्यातून जाईना. जवळच्या ओंजुकू गावचे योशियुकी इवासे यांची आठवण झाली. साके गाळणाऱ्या घरात १९०४ साली जन्मले, २००१ मध्ये वारले, आणि आपल्या गावच्या पाणबुड्या बायांचे, अमांचे, फोटो दशकानुदशकं काढत राहिले. त्या बायांचं ते जगणं आज उरलेलं नाही. त्यांच्या फोटोंत आहे. ते लांब कुठे गेले नाहीत. एकाच किनाऱ्यावर पुन्हापुन्हा गेले.

आणि कुजुकुरीच्याच मातीतला एक माणूस याहून जुना. इनो तादाताका १७४५ साली इथल्या कोसेकी गावात जन्मला. लग्नाने सावाराच्या व्यापारी घराण्यात गेला, धंदा सांभाळला, आणि पन्नाशीला निवृत्त होऊन एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जाऊन स्वतःपेक्षा एकोणीस वर्षांनी लहान गुरूकडे खगोलशास्त्र शिकायला बसला. १८०० साली, ५५व्या वर्षी, तो जपानचे किनारे मोजायला निघाला. पावलं मोजली, साखळ्या टाकल्या, रात्री तारे बघून चुका सुधारल्या. पुढच्याच वर्षीच्या मोहिमेत आपला हा जन्मकिनाराही मोजला. १८१८ मध्ये तो वारला. शिष्यांनी नकाशा १८२१ मध्ये पुरा केला. कोसेकीत त्याचा पुतळा आहे. पन्नाशीत नवशिका झालेल्या त्या माणसाकडे बघून मला धीर आला, आणि एक पद्धतही मिळाली: सुंदर काय ते शोधत फिरण्यापेक्षा एक जागा ठरवावी, आणि तिथून मोजावं.

आता माझी एक जागा आहे. इचिनोमियाच्या एका बांधाच्या मुळाशी, काँक्रीटमध्ये बसवलेलं एक लोखंडी कडं आहे. त्याच्यावर तिपाईचा एक पाय, दोन पाय ठरलेल्या दोन भेगांवर. तीच लेन्स, तेवढीच उंची. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघते आणि पाणी सारख्याच पातळीला असताना फोटो काढते, नाहीतर भरतीलाच धूप समजायची. चौकटीत डावीकडे टेट्रापॉडचा ढीग, मधे पुळण, मागे पाइनची कड. काँक्रीट बाहेर ठेवत नाही. त्याच्यावरूनच तर वाळू किती चढली-उतरली ते कळतं. जवळून बघितलं तर त्या ठोकळ्यावर पट्टे आहेत. खाली हिरवं, निसरडं शेवाळ. त्याच्या वर पांढऱ्या बार्नकलची खरखरीत ओळ, प्रत्येक कवच तांदळाच्या दाण्याएवढं किंवा जरा मोठं. मग कोरडं करडं काँक्रीट, त्यावर गुंतलेली मासेमारीची तुटकी दोरी. टायफूनच्या लाटा येऊन गेल्या त्या आठवड्यात वाळू इतकी खाली गेली की हिरव्या पट्ट्याच्याही खालचा, आजवर कधी न दिसलेला गुळगुळीत भाग उघडा पडला. नंतर शांत दिवसांत वाळू थोडी परत आली. किती परत आली, हे माझ्या दोन फोटोंत बोटाने मोजता येतं.

हे फोटो भिंतीवर लावण्यासारखे नाहीत. एकटा बघितला तर त्यात काहीच विशेष नाही. दोन शेजारी ठेवले की बोलायला लागतात. क्षितिज आणि गुलाबी पट्टी मी अजूनही टिपते, कारण तीही खरीच आहे. पण किनाऱ्यावर प्रेम असलेल्या माणसाने निदान एक फोटो असा काढत राहावा ज्यात किनाऱ्याचं दुखणंही दिसेल, आणि त्याच्यावर केलेला उपायही.

आपल्याकडे याची गरज काही कमी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात धूपप्रतिबंधक बंधारे झाले, होत आहेत. कुठे सुरूची झाडं मुळांसकट लाटांत पडलेली आपण पाहतो, कुठे शेजारच्या गावात वाळू वाढलेली. दर मे महिन्यात कोकणात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे. मावळतीचा फोटो झाला की पाच मिनिटं द्यावीत. देवळाची पायरी, धक्क्याचा कोपरा, विहिरीचा कठडा, जे हलणार नाही असं काहीतरी पकडावं, त्याच्यावर उभं राहून बंधाऱ्यासकट पुळण टिपावी, तारीख आणि भरतीची वेळ लिहून ठेवावी, आणि पुढच्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा काढावी. त्यासाठी चांगला कॅमेरा लागत नाही, मोठं कौशल्यही नाही. माझ्यासारख्या नवशिक्यालाही हे जमतं आहे. पुढे एखादं पोर आपल्याला विचारील, पुळण केवढी होती तेव्हा? त्याच्या हातात ठेवायला आपल्याकडे काहीतरी असलं पाहिजे.